रात्रभर चार्जिंग, शून्य टक्के आणि आमचे दाजी

फोन रात्रभर चार्जिंगला राहिला तर बॅटरी खराब होते का आणि ती शून्यावर उतरवूनच पुन्हा भरावी का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे, आणि तेच मी कित्येक वर्षांपासून आमच्या दाजींना समजावतो आहे.

दाजींचे मानवतच्या मोंढ्यात आडत दुकान आहे. त्यांनी पहिला मोबाइल घेतला तेव्हा विकणाऱ्याने ‘आधी आठ तास चार्ज करा आणि पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नका’ असे बजावले होते. तेव्हापासून फोन बंद पडेपर्यंत ते चार्जरला हात लावत नाहीत. ऐन सोयाबीनच्या हंगामात भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचा फोन लागत नाही, तो याच नियमापायी. मी मात्र सवड मिळेल तेव्हा वीस-तीस टक्के भरून घेणारा.

२०२२ च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर ताईकडे मुक्काम होता. घर पाहुण्यांनी भरलेले असल्याने माझी सोय वरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी फोन तिथल्या लोखंडी पेटीवर चार्जरला लावूनच ठेवत असे. बाहेर ४२-४३ अंश तापमान होते आणि दुपारी त्या पेटीला हात लाववत नसे. सहाव्या दिवशी फोन टेबलावर ठेवला, तर तो भोवऱ्यासारखा गरकन फिरला. पाठ फुगली होती आणि काचेची एक कड इतकी उचलली होती की फटीत नख जात होते. दाजींनी तो फोन भर मांडवात पाटावर फिरवून दाखवला आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही बॅटरीला घडीघडी चारता, म्हणून ती फुगली.” सगळे हसले. ते हसणे मी अजून विसरलेलो नाही.

पूर्ण उतरवण्याचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. आजच्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही. उलट वारंवार शून्यावर नेल्याने तिची झीजच वाढते. पन्नासावरून शंभरावर दोनदा भरली, तरी हिशेबात ते एकच आवर्तन (चार्जिंगची एक पूर्ण फेरी) धरतात. अर्धे पोते दोनदा मापले म्हणून दोन पोती होत नाहीत, हे एका आडत्याला मला सांगावे लागते! माझी बॅटरी फुगली ती उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे. पूर्ण भरलेल्या घटाचा (बॅटरीतील सेलचा) विद्युतदाब सुमारे ४.२ ते ४.४ व्होल्ट असतो. तशा स्थितीत तो तापला की आतील द्रावणाचे विघटन वेगाने होते, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. म्हणजे चूक माझीही होती, पण दाजी म्हणतात ती नव्हे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. बॅटरी भरली की फोन वीज घेणे स्वतःच थांबवतो, त्यामुळे थंड जागी रात्रभर लावल्याने फार बिघडत नाही. उशीखाली किंवा मे महिन्यात पत्र्याखाली लावल्याने बिघडते. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. अर्थात बॅटरी कितीही जपली तरी दोन-तीन वर्षांत तिची क्षमता उतरतेच, आणि माझाही फोन तेव्हा तीन वर्षांचा होता, हे दाजींच्या बाजूने नमूद करणे भाग आहे. फुगलेली बॅटरी मात्र टोचू, दाबू किंवा पुन्हा चार्ज करू नये.

या अक्षय तृतीयेला दाजींनी नवा फोन घेतला आणि खोक्यातून काढताच आठ तासांसाठी त्याच पेटीवर चार्जिंगला लावला. मी वाद घातला नाही. ते मोंढ्यात गेल्यावर फोन चार्जरसकट खाली आणला आणि जुन्या मातीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला. संध्याकाळी दाजी ताईला म्हणाले, “बघ, आठ तास लावला तरी जरासुद्धा तापला नाही.”