हबस्पॉट कंपनी जाहिरातीऐवजी माहिती देऊन कशी वाढली, अन् शेंदूरजनाघाटच्या संत्रा रोपवाटिकेला ते जमेल का?

हो, जमेल; हबस्पॉटनं आधी फुकट उपयोगी माहिती दिली, गिऱ्हाईक त्यातून जुळत गेलं. २००६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या या कंपनीचं 'वेबसाइट ग्रेडर' हे साधन मोफत होतं: वेबसाइटचा पत्ता टाकला की उणिवा कळत. त्या सुधारायला सॉफ्टवेअर हवं, म्हणून लोक तिच्याकडेच वळत. तुमच्या गिऱ्हाइकाचा तसा प्रश्न डिंक्याचा, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाचा. बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) कशी लावायची, याचा स्वतःच्या बागेतला व्हिडिओ पावसाळ्याआधी टाका. वरूडकडच्या रोपवाटिकांचं हेच काम मी पाहतो, कलमांची चौकशी अशाच व्हिडिओंवरून येते. मात्र हबस्पॉटकडे गुंतवणूकदारांचा पैसा होता, फोनवर विक्री करणारी माणसंही होती. २०१४ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हासुद्धा ती तोट्यातच होती. तेव्हा पहिल्याच हंगामात विक्री वाढेल असं धरू नका.