बँग-बँग कंट्रोल लावूनही स्लाइड शेवटी मागेपुढे का करते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फायनल इयरच्या प्रोजेक्टची मोटरवर चालणारी स्लाइड, प्रवेगाची मर्यादा 2 मीटर प्रति सेकंद वर्ग, कंट्रोलर दर 0.1 सेकंदाला इनपुट बदलतो. 10 सेंटिमीटर जाऊन थांबायचंय. ‘पूर्ण जोर, मग पूर्ण ब्रेक’ हा नियम (म्हणजेच बँग-बँग) घातला, तर स्लाइड पुढे निघून जाते आणि मागेपुढे करत बसते.

कोड तपासत बसू नका, तो ठीक असणार. पॉन्ट्रियागिनच्या तत्त्वातून (सर्वोत्तम नियंत्रण शोधायचा गणिती नियम) येणारं बँग-बँग असं धरून चालतं की इनपुट हव्या त्या क्षणी फिरवता येतं. इथे तो क्षण येतो 0.224 सेकंदाला. तुमचा कंट्रोलर 0.2 ला बघतो तेव्हा ब्रेकची वेळ झालेली नसते, 0.3 ला बघतो तोवर 9 सेंटिमीटर कापून झालेले असतात, वेग 0.6 मीटर प्रति सेकंद. थांबायला आणखी 9 लागतात. म्हणजे 18 वर जाऊन परत फिरणं आलंच.

आता पावलांत मोजा, एक पाऊल म्हणजे 0.1 सेकंद. प्रवेगाला मर्यादा नसती तर प्रवेग +10, −10 अशा दोनच पावलांत काम झालं असतं (डेडबीट म्हणतात ते हेच). 2 च्या मर्यादेत चार पावलांत जेमतेम 8 सेंटिमीटर होतात, म्हणून पाच लागणारच. पण पाचांत 12 पर्यंत जाता येतं! खरी गंमत या उरलेल्या वावात आहे, आणि आपल्याकडे वर्गात ती सहसा कुणी सांगत नाही: सर्वांत जलद उत्तर इथे एकच नसतं. +2, +1, 0, −1, −2 द्या, किंवा +1.67, +1.67, 0, −1.67, −1.67 द्या, दोन्हींत स्लाइड 0.5 सेकंदात 10 वर थांबते.

मी पहिलं घेईन. त्यात पाचही इनपुटच्या वर्गांची बेरीज 10 येते, दुसऱ्यात 11.1, म्हणजे मोटर कमी तापते. घर्षणाचा भरवसा नसेल तर मात्र दुसरं, कारण थोडा जोर हाताशी राहतो. आमच्या भोसरीकडच्या मशीनवर ग्रीस जुनं झालं की हा फरक लगेच जाणवतो.

डेसोअर आणि विंग या संशोधकांनी 1961 मध्येच हा प्रश्न मांडून सोडवला होता. 1962 मध्ये झादेह आणि व्हेलन यांनी तो लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये (रेषीय अटींत राहून सर्वोत्तम उत्तर काढायची पद्धत) बसवला. तुम्ही दर सॅम्पलला, म्हणजे दर 0.1 सेकंदाला, मोजलेली जागा आणि वेग घेऊन उरलेल्या पावलांचा हिशोब नव्याने करा. दोनच अवस्था आहेत, साधा मायक्रोकंट्रोलरही हे आरामात करेल.