सहा वर्षांचं लेकरू सारखं ट्रॅक्टर उलटवायचाच खेळ खेळायलंय, प्ले थेरपीनं खरंच फरक पडतो का?

दादा, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे ट्रॅक्टर त्याला परत द्यायचा का, तो आधी घेते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आजच्या आजच लागणार आहे. आजीनं तो प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर अशुभ म्हणून कपाटावर टाकलाय म्हणता ना, तो खाली काढा अन् पुतण्याच्या हातात द्या. देताना काही समजावून सांगायची गरज नाही, नुसता द्या.

नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीचं घर, मागच्या हंगामात दादांचा थोरला भाऊ उसाची ट्रॉली उलटून गेला, लेकरू तेव्हा आईबापासोबत कोपीवरच, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतच होतं अन् त्यानं डोळ्यानं बघितलं. तेव्हापासून बोलणं कमी झालंय, रात्री अंथरूण ओलं करतंय, अन् दिवसभर एकच खेळ, ट्रॅक्टर चालवायचा, उलटवायचा, सरळ करायचा, परत उलटवायचा. दवाखान्यातल्या मॅडमनी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, सांगितली तर घरचे म्हणायलेत, खेळून कुठं दुःख जातं का, त्यासाठी गाडीभाडं घालून जिल्ह्याला कशाला जायचं.

मी लातूरला लेकरांसोबतच काम करते, समुपदेशक आहे, ऊसतोडीच्या घरातली लेकरं पण येतात माझ्याकडं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरी भाऊ गेल्यावर लोक भेटायला आले असतील. प्रत्येकानं वहिनींना विचारलं असेल, कसं झालं, कुठं होता तुम्ही, शेवटचं काय बोलले. अन् वहिनींनी तेच ते, त्याच क्रमानं, येईल त्याला सांगितलं असेल, रडत रडत. कुणी म्हणालं नसेल की बाई आता पुरे. सांगून सांगूनच माणसाला ते थोडंथोडं पेलायला लागतं. आता त्या घरात लेकराला कुणी विचारलं का, तू कुठं होतास, तू काय बघितलंस? नसेल विचारलं, अन् विचारलं असतं तरी सहा वर्षांच्या लेकराकडं तेवढे शब्द नसतात, म्हणून ते ट्रॅक्टर घेऊन सांगायलंय. रोज सांगायलंय, अन् आपण त्याच्या हातातून ट्रॅक्टरच काढून घेतला.

हे काय तुमच्याच घरचं नाही. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, त्यानंतर पत्र्याच्या शेडमधली लेकरं दगडाची घरं रचून पाडायची, असं माझी मावशी सांगायची, ती औसा तालुक्यातली. मोठी माणसं मारायची म्हणे त्यांना. अमेरिकेत १९७६ मध्ये चौचिला नावाच्या गावात २६ शाळकरी लेकरांची बसच पळवून नेली होती अन् त्यांना जमिनीखाली पुरलेल्या एका गाडीत कोंडलं होतं, सगळी जिवंत बाहेर आली, पण लेनोर टेर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई त्यांना पुढं कित्येक वर्षं भेटत राहिल्या अन् त्यांना दिसलं की काही लेकरं तोच प्रसंग परत परत खेळतात, अन् त्या खेळात हसू नसतं. दादा, ही हसू नसल्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता प्ले थेरपी म्हणजे काय. खोलीत बाहुल्यांचं कुटुंब असतं, डॉक्टरचा सेट, गाड्या, जनावरं, माती, रंग, वाळूचा ट्रे. वाळूचा ट्रे अन् चिमुकली खेळणी ही पद्धत लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरबाईंनी १९२० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली, आपल्याकडं तर मातीचे बैल अन् ज्वारीच्या धाटाच्या गाड्या आहेतच, मी त्याच ठेवते, लेकरं चटकन हात घालतात. पुढं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली पुस्तक लिहून मांडलं की लेकरानं वाट दाखवायची अन् मोठ्या माणसानं मागं चालायचं. दिसायला सोपंय, करायला लई अवघड, कारण आपल्याला सारखं शिकवायची सवय. लेकरानं गाय निळी रंगवली की आपण म्हणतो, अरे गाय निळी असते का.

तुमच्या पुतण्यानं माझ्यासमोर ट्रॅक्टर उलटवला तर मी म्हणेन, "उलटला." एवढंच. तो परत उलटवेल, मी म्हणेन, "परत उलटला. जोरात." त्यात बसलेलं माणूस पप्पा आहेत का असं मी विचारणार नाही, ते त्यानं सांगेपर्यंत ते फक्त एक माणूस. तो चिडून माझ्या अंगावर ट्रॅक्टर फेकेल, तेव्हा मी सांगेन, तुला लई राग आलाय, मी मारून घेणार नाही, ही उशी आहे, हिला मार. म्हणजे राग चालतो, माणसाला लागेल असं करणं चालत नाही. हे त्याला दर वेळी सारखंच मिळतं, तीच खोली, तीच खेळणी, त्याच वारी, तीच वेळ. ज्या लेकराचं एका दिवसात सगळं उलटंपालटं झालंय त्याला हे ठरलेपण फार आधार देतं.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. लिंगायत घरातली मुलगी, आजोबा वारले, त्यांच्या पद्धतीनं शेतातच माती दिली. त्यानंतर ती दिवा बंद करू देईना, तोंडावरून गोधडी घेऊ देईना, कुणी घेतली तरी किंचाळायची. घरच्यांनी बाहेरचं बघितलं, धागे झाले, सगळं झालं. माझ्याकडं आली तर वाळूत मातीचा बैल पुरायची अन् काढायची, पुरायची अन् काढायची. मी फक्त म्हणायची, "आत गेला, दिसत नाही. आता आला वर." बऱ्याच भेटी हेच. मग एक दिवस तिनं बैल पुरला अन् कोपऱ्यातून कोल्ड्रिंकची नळी आणून वाळूत खुपसली, अगदी बैलाच्या तोंडाशी येईल अशी नेम धरून. मी म्हणाले, "तिथं नळी लावलीस." ती म्हणाली, "मग त्याला दम कसा घेता येईल?" तवा कळलं, इतके महिने त्या लेकराला वाटत होतं की आजोबा खाली गुदमरायलेत अन् सगळे त्यांना तिथं ठेवून जेवायला बसलेत. तिच्या आईला बोलावलं, अन् आईनं तिला जवळ घेऊन सांगितलं की मेलेल्या माणसाला दम लागत नाही, भूक लागत नाही, दुखत नाही, भीती वाटत नाही. पुढच्या भेटीत नळी कडंलाच पडलेली होती, ती बैलांचा पोळा खेळत होती. झोप हळूहळू आली, एकदम नाही.

नुसतं "तुला काय झालंय गं" विचारून हे कधीच निघालं नसतं, अन् म्हणूनच मी खेळाला औषधाइतकंच मानते.

आकड्यांत बघणाऱ्यांसाठी, २००५ साली स्यू ब्रॅटन अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र करून तपासले, फायदा चांगलाच दिसला, अन् आईबापांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं तिथं फायदा आणखी जास्त दिसला. पण एकदोन भेटीत होत नाही हे, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तीन ते बारा वर्षांच्या लेकरांना साधारण ही पद्धत लागू पडते.

आता तुमच्या लेकराचं. तो खेळ बंद करू नका, पण त्याकडं नीट बघा. खेळात हळूहळू काही बदलतंय का? एखाद्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स येते का, कुणी धावत येतं का, ट्रॅक्टर थांबतो का, बाजूला दुसरं काही मांडलं जातं का? असं होत असेल तर लेकरू आपल्याआपण पुढं सरकायलंय. पण महिनोन्महिने सेम टू सेम, चेहरा दगडासारखा, खेळून झाल्यावर मोकळं व्हायच्या ऐवजी आणखी घाबरं, तर ते अडकलंय, अन् तिथं ट्रेनिंग घेतलेलं माणूसच लागतं. तुम्ही जे लिहिलंय, हसत नाही, अंथरूण ओलं करतंय, त्यावरून मला वाटतं मॅडम म्हणाल्या ते बरोबर आहे, भाडं खर्चा पण न्या.

घरी काय करता येईल ते पण सांगते. बर्नार्ड अन् लुईस गर्नी या नवराबायकोनं १९६० च्या दशकात आईबापांनाच हे शिकवायला सुरुवात केली, आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेली वेळ, मोबाईल बंद, टीव्ही बंद, अन् त्या अर्ध्या तासात लेकरू म्हणेल तसं. तुम्ही चुलते आहात, तुम्ही बसा. वहिनींना लगेच बसवू नका, त्या बाईला तो ट्रॅक्टर उलटताना बघवत नसेल अन् त्यात तिचा काही दोष नाही, तिचंच अजून ओलं आहे. खाली जमिनीवर बसायचं, तो करतोय ते शब्दात म्हणायचं, शहाणपण शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. शेवट गोड करायच्या नादात त्याच्या हातचा ट्रॅक्टर तुम्ही सरळ करू नका, त्याला वाटेल तेव्हा तो करेल. अन् मोबाईलवरची ट्रॅक्टरची गेम यात धरू नका, तिथं काय होणार ते गेमनं ठरवलेलं असतं.

आणि एक गोष्ट, ही मला आपल्या भागात फार टोचते. बाप गेला की दहाव्यालाच पोराला सांगतात, रडायचं नाही, आता तूच घरातला कर्ता, आईला तूच बघायचं. सहा वर्षांचं लेकरू! ते खरंच ऐकतं अन् रडणं गिळून टाकतं, मग पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं. तुमच्याकडं कुणी असं म्हणालं असेल तर तुम्ही त्याला जवळ घेऊन सांगा की कर्ते आम्ही मोठी माणसं आहोत, तू लेकरू आहेस, तू खेळायचं, रडू आलं तर रडायचं. अन् पप्पा गावाला गेलेत, देवाघरी झोपलेत असं सांगत असाल तर थांबवा, एवढ्या वयाचं लेकरू परत यायची वाट बघत बसतं किंवा झोपायलाच भितं. वारले म्हणजे शरीर बंद पडलं, परत येणार नाहीत, अन् यात तुझी काही चूक नव्हती, हे शेवटचं वाक्य नक्की म्हणा, कारण या वयात लेकरांना वाटतं आपण हट्ट केला, आपण काहीतरी बोललो म्हणून झालं.

कुठं जायचं तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लेकरांचं तपासणी-उपचार केंद्र असतं, तिथं पैसे पडत नाहीत, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीतून चिठ्ठी मिळते. केज-धारूरकडून तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, तिथं मानसोपचार विभाग आहे. रात्रीअपरात्री काही वाटलं तर टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात, वहिनींनी स्वतःसाठी केला तरी चालतो, खरं तर करावाच. खासगीत गेलात तर प्ले थेरपीचं ट्रेनिंग कुठं घेतलं ते विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा, लाजायचं काही नाही. नुसती खेळणी मांडून बसवलं म्हणजे थेरपी झाली असं नाही. अन् भेटीहून आल्यावर लेकराला "आज काय खेळलास, काय विचारलं" असं खोदून विचारू नका.

तुम्ही एक लिहिलं नाहीत, ते मला कळवा. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल फेडायला वहिनी परत जाणार आहेत का, अन् लेकरू आजीजवळ राहणार की सोबत जाणार? जाणार असतील तर ट्रक निघायच्या पहाटे त्याला झोपेत सोडून जाऊ नका. पंधरा दिवस आधी सांगा, रोज कुठल्या वेळी फोन येईल ते ठरवा अन् तो चुकवू नका, अन् शाळेतल्या बाईंना पण आत्ताच सांगून ठेवा म्हणजे वर्गात तो गप्प बसला तर त्या त्याला ढ समजणार नाहीत.