दिसानायके यांचं पहिलं वर्ष : ज्याला पैसे लागत नव्हते, ते कुठे अडलं?

तुम्ही विचारलंय की श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांचा सुरुवातीचा कारभार देशात आणि परदेशात कसा झाला, आणि इतक्या लवकर असं मूल्यमापन करण्यात काही अर्थ आहे का. मी मूळचा इचलकरंजीचा, कपड्याच्या धंद्यातला. २०१६ ते २०२२ अशी सहा वर्षं कोलंबोच्या उत्तरेला निगोंबोजवळ एका गारमेंट कारखान्यात नोकरी केली. अजूनही कामानिमित्त वर्षातून एक-दोनदा जाणं होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये गेलो होतो. त्या देशाने मला भरपूर दिलंय, त्यामुळे मी तटस्थ नाही. तिथलं बरं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडक्यात उत्तर. परदेशात त्यांनी अपेक्षेपेक्षा खूप चांगलं काम केलं. तिजोरीच्या बाबतीत शहाणपण दाखवलं. पण ज्या आश्वासनांना एक रुपयासुद्धा लागत नव्हता, नेमकी तीच रखडली.

लवकर मूल्यमापन करण्याबद्दल मी सावध का, तेही सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे निवडून आले तेव्हा मी तिथेच होतो. निकालानंतर काही दिवसांतच कॉलेजची मुलं रंगाचे डबे घेऊन रस्त्यावर उतरली आणि भिंतींवर चित्रं काढू लागली. आमच्या कारखान्याच्या रस्त्यावरची पडकी भिंतही रंगली. कोणी सांगितलेलं नव्हतं, मुलं आपणहून करत होती. व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, पगारातली करकपात बंद झाली. आमच्या ऑफिसात सगळे खूश होते, मीही होतो. परदेश म्हणाल तर पंधरवड्याच्या आत ते दिल्लीला येऊन गेले. त्यांच्या पहिल्या शंभर दिवसांना तेव्हा मी नक्कीच पहिला वर्ग दिला असता.

त्याच करकपातीने तिजोरीला भोक पाडलं. मग कोविड आला, पर्यटन बंद पडलं. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली आणि भातशेती, चहा दोन्ही कोलमडले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. मार्चच्या शेवटी रोज तेरा-तेरा तास वीज जात होती. पेट्रोलच्या रांगेत माणसं रात्री गाडीतच झोपत. पुढे क्यूआर कोडवर कोटा सुरू झाला तेव्हा रिक्षाला, म्हणजे तिथल्या भाषेत थ्री-व्हीलला, आठवड्याला पाच लिटर मिळायचं. पाच लिटरवर घर चालवायचं होतं. १३ जुलैला गोटाबाया देश सोडून पळाले. भिंतीवरची चित्रं तेव्हाही तशीच होती.

म्हणून पहिल्या वर्षात लोक किती खूश आहेत, यावर मी कुणाला गुण देत नाही.

दिसानायके आले ते या राखेतून. तंबुत्तेगाम या कोरडवाहू भागातल्या गावचा, मजुराचा मुलगा. पक्ष जनता विमुक्ती पेरामुना, म्हणजे जेव्हीपी. या पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ मध्ये सशस्त्र उठाव केले होते आणि त्यात हजारो तरुण मेले. २०१९ च्या निवडणुकीत त्यांना जेमतेम तीन टक्के मतं पडली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पडली ४२ टक्के. कुणालाच निम्मी मतं न मिळाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. तिथे हे पहिल्यांदाच घडलं. लगेच संसद विसर्जित केली आणि नोव्हेंबरमध्ये जेव्हीपीच्या पुढाकाराने बनलेल्या त्यांच्या एनपीपी (नॅशनल पीपल्स पॉवर) आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. आधीच्या संसदेत तीन होत्या. १५९ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तिजोरी. निवडणुकीत त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी बदलून घेऊ, कर्जाचा हिशोब नव्याने मांडू, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जवळपास ३ अब्ज डॉलरचा जुनाच कार्यक्रम त्यांनी पुढे चालवला. विदेशी रोख्यांची, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जाची, पुनर्रचना आधीच्या सरकारने ठरवली होती, ती त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण केली. डाव्या कार्यकर्त्यांना हे लागलं. मला विचाराल तर पहिल्या वर्षातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत बरोबर निर्णय होता. दोन-तृतीयांश बहुमत हातात असताना, लोक टाळ्या वाजवायला तयार असताना, खिरापत वाटायची नाही, याला धीर लागतो. जानेवारी २०२५ मध्ये विजेचे दर सरासरी २० टक्क्यांनी उतरले, जूनमध्ये १५ टक्क्यांनी चढवावे लागले. तरी ते चढवले. २०१९ चा माणूस, म्हणजे गोटाबाया, ते करू शकला नव्हता.

पण घरातला त्रास संपलेला नव्हता. फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा नेहमीसारखा जुन्या घरमालकीणबाईंकडे उतरलो. त्यांना मी आंटी म्हणतो, त्या मला ‘पुता’ म्हणतात, म्हणजे बाळा. नारळ दोनशे रुपयांच्या वर गेला होता आणि लाल केकुलू तांदूळ दुकानात मिळत नव्हता. ज्या घरात ताटात पोल सांबोल, म्हणजे ओल्या नारळाची चटणी, नाही असा दिवस मी सहा वर्षांत पाहिला नव्हता, तिथे चमच्याने मोजून वाढत होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार. अकरा-साडेअकराला पंखा थांबला. पूर्ण बेटाची वीज गेली होती. आंटी चर्चमधून नुकत्याच आल्या होत्या. एक शब्द न बोलता त्या उठल्या आणि बादल्या, पातेली, कळशी, हाताला येईल त्या भांड्यात पाणी भरायला लागल्या. मग मेणबत्त्या शोधल्या. शेजारच्या घरातूनही नळाचाच आवाज येत होता. गल्लीत कोणी काही विचारत नव्हतं, सगळ्यांना २०२२ आठवत होतं. ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की पानदुरा उपकेंद्रात माकड शिरल्याने बिघाड झाला. पुढे दोन दिवस दीड-दीड तास भारनियमन झालं. माकडाने सुरुवात झाली असेलही, पण एका उपकेंद्रातल्या बिघाडाने अख्खं बेट अंधारात का जातं, हे लोकांना त्याच दिवशी नीट समजावून सांगायला हवं होतं. नवखं सरकार कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. मेहनती आणि प्रामाणिक, पण संकटात बोलायचं कसं याची सवय नसलेलं.

प्रामाणिकपणाबद्दल मात्र मी ठामपणे बोलेन. २१ मंत्र्यांचं मंत्रिमंडळ, सरकारी आलिशान गाड्यांचा लिलाव, माजी राष्ट्राध्यक्षांचे बंगले आणि सवलती बंद करणारा कायदा. सभापतींच्या डॉक्टरेटवर प्रश्न उठला तर ते स्वतःच्याच पक्षाचे असूनही महिन्याच्या आत पायउतार झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी कोलंबोतलं सरकारी निवासस्थान सोडलं. त्याआधी ऑगस्टमध्ये रनिल विक्रमसिंघे यांना सरकारी पैशाच्या गैरवापराच्या आरोपावरून अटक झाली. माजी राष्ट्राध्यक्षाला अटक होण्याची ती पहिलीच वेळ. हा खटला शेवटापर्यंत कायद्याने चालला तरच त्याला किंमत, नुसत्या अटकेला मी गुण देणार नाही.

परदेशाकडे वळू. जेव्हीपीच्या कार्यकर्त्यांना पूर्वी जे पाच वर्ग शिकवले जात त्यातला एक ‘भारतीय विस्तारवाद’ या विषयावर होता. १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध हा पक्ष रस्त्यावर उतरला होता, भारतीय मालावर बहिष्कार घालत होता. त्या पक्षाचा नेता राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिला दौरा करतो तो दिल्लीचा, डिसेंबर २०२४ मध्ये, आणि आमची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू देणार नाही असं उघड सांगतो. महिन्याभरात ते बीजिंगलाही गेले. तिथे हंबनटोटाच्या ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार झाला. एप्रिलमध्ये पंतप्रधान मोदी कोलंबोत आले आणि संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला. दोन्ही शेजाऱ्यांशी बोलायचं आणि कुणाच्या कडेवर बसायचं नाही, हे त्यांनी वर्षभर सांभाळलं. मन्नारच्या पवनऊर्जा प्रकल्पाचा दर महाग वाटला तेव्हा तो कमी करा असं त्यांनी अदानी समूहाला सांगितलं, आणि समूहाने अंग काढून घेतलं तरी दिल्लीशी संबंध बिघडू दिले नाहीत.

माझ्या धंद्यातला मुद्दा अमेरिकेच्या आयातशुल्काचा. एप्रिल २०२५ मध्ये श्रीलंकेवर ४४ टक्के शुल्क जाहीर झालं त्या रात्री तिथल्या जुन्या सहकाऱ्यांचे मला एकामागून एक फोन आले. तिथून निर्यात होणाऱ्या कपड्यांपैकी सुमारे ४० टक्के माल अमेरिकेत जातो. एका टी-शर्टवर काही सेंटचा फरक पडला तरी ऑर्डर दुसऱ्या देशात जाते, आणि त्या शिलाई मशीनवर बसलेल्या बहुतेक बायका असतात, खेड्यातून येऊन बोर्डिंगच्या खोलीत चौघी-चौघी राहणाऱ्या. कोलंबोने आरडाओरडा केला नाही, शिष्टमंडळं पाठवली. जुलैमध्ये ते ३० झालं, ऑगस्टमध्ये २०, म्हणजे व्हिएतनाम आणि बांगलादेशच्या रांगेत. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा कारखान्यातल्या शिलाईच्या लाइन चालू होत्या. यासाठी मी या सरकारचा ऋणी आहे, आणि हे मी हिशोबाने म्हणतोय.

तर मग कमी कुठे पडले?

माझी मोजपट्टी साधी आहे. तिजोरी रिकामी असताना पगारवाढ, अनुदान, रस्ते यांवरून नव्या माणसाला झोडपू नये. पण ज्या गोष्टींना फक्त इच्छा आणि सही लागते त्यांचा हिशोब पहिल्या वर्षापासून मागावा. दहशतवाद प्रतिबंधक कायदा १९७९ मध्ये तात्पुरता म्हणून आला आणि कायमचा झाला. तो रद्द करू असं लेखी आश्वासन होतं. वर्षभरात समिती नेमली गेली, आणि तोच कायदा इस्रायलविरोधी स्टिकर लावणाऱ्या एका तरुणावर वापरला गेला. हे मला फार लागलं. ज्या पक्षाच्या पोरांना एकेकाळी आणीबाणीच्या कायद्यांनी उचलून नेलं, त्या पक्षाच्या राज्यात हे व्हायला नको होतं. दुसरं, सर्वशक्तिमान राष्ट्राध्यक्षपद. १९७८ मध्ये ते निर्माण झालं. १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगांनी ते संपवायचं वचन दिलं, तेव्हापासून ते वचन पुन्हापुन्हा दिलं गेलं, यांनीही दिलं. घटनादुरुस्तीला १५० मतं लागतात. यांच्याकडे १५९ आहेत. सार्वमतही लागेल, पण पहिलं पाऊल तरी टाकायचं होतं. तिसरं, प्रांतिक परिषदांच्या निवडणुका वर्षभरात घेऊ म्हणाले होते. त्या २०१४ नंतर झालेल्याच नाहीत, आणि यांचं पहिलं वर्षही तसंच गेलं. चौथं, भारताशी झालेल्या संरक्षण कराराचा मसुदा संसदेपुढे ठेवला नाही. विरोधात असताना हेच लोक प्रत्येक कराराचा कागद मागत.

आंटींचा हिशोब आणखी वेगळा. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला निगोंबोच्या कटुवापिटियातल्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये बॉम्ब फुटला. त्या एका चर्चमध्ये शंभरावर माणसं गेली. आंटी त्या दिवशी ताप होता म्हणून घरी राहिल्या होत्या. त्यांच्या मैत्रिणी गेल्या. खरे सूत्रधार शोधू असं दिसानायके यांनी सांगितलं होतं आणि २०२५ च्या ईस्टरच्या सुमारास चौकशी आयोगाचा अहवाल सीआयडीकडे सोपवला गेला. ऑगस्टमध्ये मी त्यांना विचारलं, नवे राष्ट्राध्यक्ष कसे वाटतात? म्हणाल्या, “चोरी करत नाही हा माणूस. पण मी नावं ऐकायला थांबलेय, पुता.”

मतदारांनीही काहीसं असंच सांगितलं. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्यांच्या आघाडीला सर्वांत जास्त मतं मिळाली, पण संसदेच्या निवडणुकीतली ६१ टक्के मतं सहा महिन्यांत ४३ वर आली. तमिळबहुल उत्तरेत तर जाणवण्याइतकी गळती झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाफना जिल्ह्याने सहापैकी तीन जागा या दक्षिणेतल्या, सिंहली बहुसंख्य पक्षाला दिल्या होत्या. असं तिथे आधी कधी झालं नव्हतं, आणि मला तो संपूर्ण निकालातला सर्वांत मोलाचा भाग वाटला होता. मे महिन्यात तीच मतं पुष्कळ ठिकाणी तमिळ पक्षांकडे परत गेली.

आमच्या कारखान्यात एक तमिळ सुपरवायझर होता, जाफनाचा. नोव्हेंबरमध्ये त्याने आयुष्यात पहिल्यांदा ‘मालिमावा’ला, म्हणजे एनपीपीच्या होकायंत्र या चिन्हाला मत दिलं आणि मला उत्साहाने फोन केला. मे महिन्यात त्याने तमिळ पक्षाच्या ‘घर’ या चिन्हापुढे फुली मारली. त्याच्या वडिलांची जमीन जाफनाजवळच्या पलालीच्या लष्करी क्षेत्रात आहे, १९९० पासून. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने त्या भागातून जाणारा रस्ता तीस-पस्तीस वर्षांनी लोकांसाठी खुला केला. पण फक्त दिवसा, आणि अटी घालून : गाडी थांबवायची नाही, पायी चालायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. वडिलांना घेऊन तो त्या रस्त्याने गेला. जमिनीजवळ आल्यावर त्याने गाडी जेवढी हळू करता येईल तेवढी केली, आणि म्हाताऱ्याने काचेतून बोट दाखवून नातवाला सांगितलं, ती बघ, ती आपली विहीर.