मुलगी 'सिस्टर' होणार म्हणून अबोला धरलेल्या बाबांना

नमस्कार दादा,

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे आणि सगळा रोख एकाच प्रश्नावर आहे, की मुलीच्या डोक्यातलं नर्सिंगचं खूळ काढायचं कसं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यातलं घर, मुलगी बारावी सायन्स, लातूरला राहून क्लास केले, नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा मार्क वाढले पण एमबीबीएसला पुरतील इतके नाही. आता ती म्हणते बीएस्सी नर्सिंग करणार आणि पुढे इमर्जन्सीतच काम करणार. बाबा म्हणतात तिसऱ्यांदा ड्रॉप घे, नाहीतर डोनेशन भरतो, बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टरकी) कर, पण सिस्टर होऊ नकोस, लोकांना काय तोंड दाखवू.

मार्कांचं नंतर बघू. तुमच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, "नऊ दिवस झाले तिच्याशी बोललो नाही, बघू किती ताणते." दादा, ताणताय तुम्ही. एकोणीस वर्षांची पोर, दोन वर्षं परक्या गावात मेसचं खाऊन अभ्यास केला, दोन निकाल पचवले, सगळ्या नातेवाइकांचे "किती आले गं" ऐकून घेतले, आणि आता घरी आल्यावर बाप शेजारच्या ताटावर बसून एक शब्द बोलत नाही. खाली वहिनींनी वेगळ्या पेनाने दोन ओळी लिहिल्यात, की ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते आणि जेवण निम्म्यावर आलंय. तुम्ही त्याला हट्ट म्हणताय. मला ते वाचून काळजी वाटली आणि करिअरचं सगळं बाजूला ठेवून मी आधी तेच लिहितेय. आज संध्याकाळी तिच्याशी बोला. नर्सिंगवर नको, नीटवर तर अजिबात नको, नुसतं बोला. झोप-जेवण दोनेक आठवड्यांत रुळावर आलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, किंवा मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि "मी नसते तर बरं झालं असतं" असलं काही तिच्या तोंडून आलं तर दोन आठवडे सोडा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

तिसऱ्या ड्रॉपचा विषय बंद करा. दुसऱ्या वर्षी मुलं कुठे कमी पडली ते शोधून तिसऱ्यांदा बसतात आणि काहींचं होतंही, पण ती स्वतःहून बसणारी मुलं. जिला ते नकोच आहे तिला बळजबरीने बसवलं तर वर्ष जातं आणि मुलगीही हातची जाते. बीएएमएसबद्दल मला आकस नाही, पण तिने त्याचं नावसुद्धा काढलेलं नाही, ते तुमच्या पाटीवर 'डॉक्टर' यावं म्हणून चाललंय आणि त्यासाठी तुम्ही शेत गहाण टाकायला निघालाय.

आता तुम्ही लिहिलेल्या त्या रात्रीबद्दल. तुमच्या आई बाथरूममध्ये पडल्या, तुम्ही रात्री अकराला त्यांना हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात नेलं, तिथल्या सिस्टरने पावणेएक तास थांबवून ठेवलं, "मागून चालत आलेल्या माणसाला आधी आत घेतलं, त्याला ना रक्त ना काही, सरळ वशिला", आणि वर तीच सिस्टर "गोळ्या कोणत्या चालू आहेत" म्हणून तीन-तीनदा विचारत तुमच्यावर खेकसली. असल्या बायकांत माझी मुलगी बसणार का, असं तुम्ही विचारताय.

हा गैरसमज इतका सगळीकडे आहे की त्यावर सविस्तरच लिहिते. कॅज्युअल्टीत नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही आणि रक्त किती दिसतंय त्यावरही लागत नाही. दारात उभी असलेली सिस्टर पेशंट आत येता येताच बघत असते, श्वास कसा चाललाय, बोलताना धाप लागतेय का, अंगाला दरदरून घाम आहे का, हातपाय गार आहेत का, हाक मारल्यावर नीट उत्तर देतोय का, आणि मग नाडी, बीपी, ऑक्सिजन. ह्याला ट्रायेज म्हणतात, लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकतो. तुम्ही लिहिलेला तो माणूस छातीवर हात ठेवून आला होता आणि घामाने शर्ट भिजला होता, हे तुमच्याच पत्रात आहे दादा. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोचल्यापासून 10 मिनिटांत निघाला पाहिजे असा नियम जगभर पाळतात, कारण हार्ट अटॅक असेल तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. त्याला आत घेतलं ते त्या सिस्टरने घेतलं, डॉक्टर तर तेव्हा दुसऱ्या पेशंटजवळ होते. म्हणजे "नर्स काय, डॉक्टर सांगेल ते करायचं" हे जे तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय त्याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या पानावर आहे. आणि गोळ्यांचं म्हणाल तर म्हातारं माणूस डोक्यावर पडलं आणि त्याला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरून नुसतं टेंगूळ दिसतं, आत रक्तस्राव हळूहळू वाढत राहू शकतो, म्हणून ते आधी कळावं लागतं, सीटी स्कॅन किती घाईने करायचा ते त्यावर ठरतं. तिने आवाज चढवायला नको होता, हे मान्य. पण प्रश्न बरोबर होता.

आणि मग पुढे तुम्ही सहज लिहून गेलाय, की "शेवटी हीच स्कूटीवर घरी जाऊन आजीच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून घेऊन आली." हे मी पुन्हा वाचलं. तुम्ही चिडला होता, वहिनी रडत होत्या, आणि तुमच्या लेकीला त्या गोंधळात कळलं की सिस्टर काय मागतेय आणि का मागतेय. त्यानंतर ती रात्रभर आजीजवळ बसून मॉनिटरवरचे आकडे बघत होती आणि पहाटे तिने त्या सिस्टरला काहीबाही विचारलं, ह्याचा तुम्हाला राग आलाय. दादा, इमर्जन्सीत लागणारं डोकं हेच. जी मुलं मला "इमर्जन्सी आवडते" सांगतात त्यातली बरीच सिरीयल बघून सांगतात, हिने खरी बघून सांगितलंय.

हे काम दिसतं कसं ते सांगते, आपल्याकडचंच. पावसाळ्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचा पेशंट येतो, साप कुठला कुणाला माहीत नसतं. अशा वेळी एक साधी टेस्ट करतात, काचेच्या स्वच्छ कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये 2 मिली ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठणं बिघडलंय, घोणस-फुरश्याचं विष चढलंय, अँटीव्हेनम (विषावरचं औषध) लावायला हवं. आता ट्यूब ओली असेल, साबणाने धुतलेली असेल, मधेच कुणी उचलून बघितली तर सगळं चुकतं. आणि मण्यार असेल तर ह्या टेस्टमध्ये काहीच कळत नाही, रक्त छान गोठतं, पेशंट झोपाळल्यासारखा वाटतो, घरचे म्हणतात झोपू द्या, पण सिस्टर दर थोड्या वेळाने उठवून वर बघायला सांगते, पापण्या जड झाल्यात का, मान उचलता येते का, कारण पुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते. पहाटे चारला त्या पापण्यांकडे लक्ष असलेल्या माणसावर तो पेशंट जगतो.

तुम्ही अरुणा शानबागचं नाव लिहिलंय. भीती खोटी नाही, 1973 साली मुंबईच्या केईएमसारख्या हॉस्पिटलात ड्युटी संपवून कपडे बदलणाऱ्या ह्या नर्सवर तसा हल्ला झाला, आणि पुढे 42 वर्षं, 2015 ला ती जाईपर्यंत, तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं हेही तितकंच खरं. आजही कॅज्युअल्टीत दारू पिऊन आलेले लोक, अंगावर धावून येणारे नातेवाईक हे असतंच. महाराष्ट्रात 2010 पासून ह्यासाठी कायदा आहे, नर्सवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण कायदा रात्री दोन वाजता दारात उभा नसतो. म्हणून हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंतचा रस्ता, रात्रीचा गार्ड, कपडे बदलायची खोली हे बघूनच कॉलेज आणि पुढे नोकरी निवडायची. भीतीचं काम तेवढंच, मुलीला घरी बसवायला ती वापरू नका.

पैशाचं मी गोड बोलणार नाही. छोट्या खाजगी हॉस्पिटलांत नर्सला फार कमी पगार देतात, डबल ड्युट्या लावतात, काही ठिकाणी ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात, ते कधीही कुणाकडे ठेवू नये. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना किमान 20,000 द्यावेत आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारीइतका पगार द्यावा, पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तसं होत नाही आणि मला ह्याची चीड आहे. सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे, राज्यात स्टाफ नर्सचं महिन्याचं मूळ वेतन 35,400 पासून, एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं 44,900 पासून, वर भत्ते वेगळे. "ह्यात पोट भरतं का" ह्याचं उत्तर एवढंच.

प्रवेशाचं एका दमात सांगते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजी हवं, राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी असते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, पण हिचे मार्क बरे आहेत तर बीएस्सीच करू दे. नीटचा स्कोअर वाया गेला म्हणताय ना, लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांना, त्यात पुण्याचं एएफएमसी हे लष्कराचं मेडिकल कॉलेजही आलं, तो स्कोअर लागतो आणि तिथून शिकून मुली लष्करात ऑफिसर होतात, तेवढं तरी बघा. बीएस्सीनंतर इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. परदेशाचं आत्ता डोक्यात घेऊ नका, आधी दोन-तीन वर्षं इथल्या कॅज्युअल्टीत हात बसू दे.

कॉलेज बघायला गेलात की इमारत बघत बसू नका. हॉस्पिटल स्वतःचं आहे का, खाटा किती (100 तरी हव्यात), त्यातल्या खरंच भरलेल्या किती, हे विचारा आणि थर्ड इयरच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा की कॅज्युअल्टीत पोस्टिंग किती दिवस असतं आणि तिथे हाताने काम करू देतात की नुसतं उभं ठेवतात. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का तेही आधी तपासा, पोरं इथेच फसतात.

तुम्ही रागात विचारलंय, "मग पेशंटवाल्यांनी करायचं तरी काय, हात जोडून उभं राहायचं?" नाही, बरंच करता येतं. आईंच्या गोळ्यांची यादी, डोससकट, एका कागदावर लिहून फाइलला लावा आणि तिचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कशाची ॲलर्जी आहे तेही त्यातच. आत गेल्यावर एकानेच बोलायचं, पाच जण पाच गोष्टी सांगतात तेव्हा सिस्टरचं लिहिणं चुकतं. दारू, तंबाखू, गावठी औषध, काढा, दिवस गेलेत का, हे लपवू नका, तिला तुमची इज्जत काढायची नसते. त्रास कधी सुरू झाला ती वेळ सांगा, विशेषतः तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात उचलेना तर शेवटचं नीट कधी बोलत होते ते सांगा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. विचारल्याशिवाय चहा-पाणी पाजू नका, उलटी होऊन फुप्फुसात जाऊ शकतं. आणि थांबवून ठेवलेल्या माणसात काही बदल वाटला, जास्त झोपतंय, बरळतंय, पुन्हा उलटी झाली, तर भांडू नका, गप्पही बसू नका, सरळ सिस्टरकडे जाऊन "आत्ता हे बदललंय" एवढंच सांगा. हे वाक्य ऐकून ती उठून येते.

स्थळांबद्दल लिहिलंय त्यावर मी काही बोलणार नाही, ती आत्ता एकोणीसची आहे.

डोमिसाइल आणि लागत असेल तर नॉन क्रीमी लेयर आत्ताच काढायला टाका, अॅडमिशनच्या दिवसांत सेतूत उभं राहायला जागा नसते. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या हाताने, तुम्ही न वाचता पाठवा, मी तिलाच उत्तर देईन.