पावसाळ्यात सायनस पुन्हा पुन्हा उठतो, काय करावं?

गुहागरला असता, मृगापासून गणपतीपर्यंत नाक चोंदलेलं, दोनदा अँटिबायोटिक घेऊनही गुण नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी दापोलीचा, हेच भोगलंय. त्रास 12 आठवड्यांवर गेला की तो जुनाट सायनस. त्यात मूळ दुखणं बहुतेकदा आतल्या सुजेचं असतं, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही.

मला उतार पडला जलनेतीने, म्हणजे मिठाचं पाणी एका नाकपुडीत सोडून दुसरीतून काढण्याने. पाव लिटर कोमट पाणी, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळ उकळून निववलेलंच घ्या. विहिरीचं कच्चं पाणी नाकात कधीही नको, क्वचित का होईना त्यातून मेंदूला जीवघेणा संसर्ग होतो. मग डॉक्टरांनी दिलेला, नाकात मारायचा सूज उतरवणारा स्टेरॉइड स्प्रे, टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. रोज, काही आठवडे तरी.

आमच्या कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी धरली होती. ती घासून काढली, कपाट वीतभर पुढे ओढलं, तेव्हा सकाळच्या शिंका कमी झाल्या. तुमच्याकडेही बघाच.

एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर वरची दाढ तपासून घ्या, कधी त्रासाचं मूळ तिथे असतं. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.