परत येणाऱ्या कुर्त्या

प्रश्न : पंचवटीत माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. सुती कुर्त्या इन्स्टाग्रामवर विकते. स्वतःची वेबसाइट काढून पंधरा डिझाइन्स टाकायचा विचार आहे. पण शंभरातल्या वीसेक कुर्त्या परत येतात, बहुतेक ‘माप चुकलं’ म्हणून. मिंत्रासारखी कपड्यांची ऑनलाइन दुकानं मोठी झाली ती कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिंत्रा 2007 साली बंगळुरूत निघालं तेव्हा ते कपड्यांचं दुकान नव्हतंच. कॉफीचे मग, टी-शर्ट यांवर हवं ते छापून द्यायचे. ऑर्डर आल्यावर वस्तू बनायची, त्यामुळे तयार माल अंगावर पडत नसे. ब्रँडेड कपड्यांकडे ते 2011च्या सुमारास वळले, आणि त्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा होता. तसा पैसा पाठीशी नसेल तर तुम्ही पंधरा नाही, चारच डिझाइन्स घ्या. पाच साइझ धरल्या तरी वीस प्रकारचा माल होतो. पंधरांचा पंचाहत्तर, आणि त्यातले एम, एल संपून डबल एक्सएल कपाटात राहतात.

आता परतीचं बघू. कुरियरला जायचे 70, यायचे 70 धरले तर वीस परतींचे 2,800 रुपये गेले. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक कुर्तीमागे 35. मापाच्या तक्त्यात ‘छाती 38’ एवढंच लिहिलंय का? मग ते अंगाचं की कुर्तीचं, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? दोन्ही लिहा : अंग 36, कुर्ती 39. शिवाय प्रत्येक साइझच्या पाच कुर्त्या टेबलावर सपाट पसरून काखेखाली टेप लावा. एकावर एक बरेच थर रचून कापलं की खालचे सरकतात, आणि एकाच साइझमध्ये इंचाचा फरक निघतो.

कापड आटण्याची तक्रार धुतल्यावर येते. 50 सेंमीचा चौकोन कापून धुवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. 48 भरला तर 4 टक्के आटलं. 110 सेंमी लांबीची कुर्ती जवळजवळ साडेचार सेंमीने आखूड होणार. असं कापड भिजवून, वाळवूनच कापा.

खोका टाळा. कुरियरवाले बहुधा लांबी × रुंदी × उंची (सेंमीत) भागिले 5000 असं वजन काढतात, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त निघालं तर तेच धरतात. 30×25×10चा खोका दीड किलोचा होतो, तेवढ्याच लांबी-रुंदीची 4 सेंमी जाडीची पिशवी 600 ग्रॅमची. कुर्ती तीच!

महाराष्ट्राबाहेर कुर्त्या विकायच्या तर जीएसटी नोंदणी आधी करा. वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणीतून जी सूट असते, ती तिथे चालत नाही. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का करा. ‘देवळामागे, पंचवटी’ एवढ्यावर डिलिव्हरीवाला कुठल्या कुठल्या देवळामागे जाईल?